घाटात चहाला थांबलो, आणि निघताना ब्रेकचं पेडल तळाला गेलं. कारण काय असेल?

कोयनाकाठ

गेल्या रविवारची गोष्ट. अजून मनातून जात नाही म्हणून इथे लिहितोय. ज्यांना गाड्यांमधलं कळतं त्यांनी कृपया नीट समजावून सांगा.

गाडी पेट्रोलची हॅचबॅक, सात वर्षांची, ६२ हजार किलोमीटर झालेली. पुढे डिस्क, मागे ड्रम. आम्ही पाच जण, आई-बाबा धरून, आणि डिकी गच्च. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो, पुढे गुहागरला जायचं होतं. मी बराच वेळ तिसऱ्या गियरमध्ये, मध्येच चौथ्यात, आणि ब्रेकवर पाय जवळजवळ कायमचा. प्रतापगडाचा फाटा मागे पडल्यावर आई म्हणाली, "काहीतरी करपतंय रे." मला वाटलं पुढच्या ट्रकचा वास असेल.

थोड्या वेळाने एका टपरीवर चहाला थांबलो. तोपर्यंत ब्रेक अगदी व्यवस्थित लागत होते, हे मुद्दाम सांगतो. गाडी जिथे उभी करायची तिथेच उभी राहिली. दहा-बारा मिनिटांनी निघालो, वीस-पंचवीस फूट पुढे गेलो, वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल सरळ खाली गेलं. ओल्या स्पंजावर पाय द्यावा तसं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. वेग चालण्याएवढाच होता आणि गाडी पहिल्या गियरमध्ये होती. हँडब्रेक ओढला, गाडी थांबली. मुलाने उतरून चाकापुढे दगड लावला.

पाऊण तास तिथेच बसून राहिलो. मग पेडल पुन्हा पहिल्यासारखं टणक झालं! बाकीचा घाट पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये उतरलो. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी बॉनेट उघडलं, "ब्रेक ऑइल कमी होतं, टाकलंय, बाकी सगळं ओके" असं सांगून पाठवून दिलं.

माझा प्रश्न एकच आहे. गाडी चालू असताना नीट लागणारे ब्रेक, थांबून गार झाल्यावर कसे काय गेले? हे उमगत नाही तोवर घरच्यांना घेऊन घाटात जायची हिंमत होणार नाही.

पोलादपूरकर

सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. आम्ही घाटाच्या पायथ्याशीच राहतो. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत चाकांतून धूर येणाऱ्या गाड्या आठवड्याला दोन-चार तरी बघतो. एक सांगून ठेवतो, अशा वेळी चाकावर पाणी ओतू नका. लोक घाबरून बाटल्याच्या बाटल्या रिकाम्या करतात. लालबुंद तव्यावर गार पाणी पडल्यावर जे होतं तेच डिस्कचं होतं, तिला तडा जाऊ शकतो किंवा ती वाकडी होते. नुसती उभी करून ठेवायची.

लेथमशीन

कोयनाकाठ, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान करणं सोपं आहे. माझी ३१ वर्षं ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गेली. थोडं सविस्तर लिहितो.

ब्रेक गाडीचा वेग "खातात" आणि त्याची उष्णता करतात. दुसरं काहीही करत नाहीत. १२०० किलोची गाडी ताशी ८० वरून थांबवली तर जेवढी उष्णता तयार होते, तेवढीवर एक लिटर गार पाणी उकळीला येतं. हे एकदा थांबण्याचं झालं. आता घाटाचा हिशोब करा. माणसं आणि सामान धरून तुमची गाडी १३०० किलोची, आणि महाबळेश्वर ते पोलादपूर उतार १२०० मीटरचा धरू. ही सगळी उंची उतरताना जी ऊर्जा सुटते तीवर ५० लिटरहून जास्त पाणी उकळेल. अडीच बादल्या. तुम्ही निम्मा घाट उतरून थांबलात असं धरलं तरी सव्वा बादली. यातला काही भाग वारा, टायर आणि इंजिन घेतात. इंजिनाला तुम्ही फार काही घेऊ दिलं नाहीत, कारण वरचा गियर होता. उरलेली बहुतेक उष्णता पुढच्या दोन बिडाच्या डिस्कमध्ये गेली. दोन्ही मिळून त्यांचं वजन आठ-नऊ किलो. अशा वेळी डिस्क ४०० अंशांपर्यंत सहज जाते.

आता पायापासून चाकापर्यंत जाऊ. तुम्ही पेडलवर समजा १५ किलोचा जोर दिलात. पेडल ही तरफ आहे, तिथे तो चौपट होऊन ६० किलो झाला. पुढे इंजिनाच्या भिंतीला जो काळा गोल डबा दिसतो तो व्हॅक्यूम बूस्टर. तो आणखी चौपट करतो, म्हणजे २४० किलो. हा जोर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेक ऑइल नळ्यांत ढकलणाऱ्या सिलिंडरच्या, पिस्टनवर पडतो. त्या पिस्टनचं तोंड साधारण ३ चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ८० किलोचा दाब. बंद द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा शाळेत शिकलेला पास्कलचा नियम. चाकाशी पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. त्याच्या पिस्टनचं तोंड मोठं असतं, २० चौरस सेंटिमीटर धरा. तिथे जोर होतो १६०० किलो. पायाच्या १५ किलोचे प्रत्येक पुढच्या चाकाशी १६०० किलो!

एवढा जोर मिळतो तो अंतराच्या बदल्यात. पेडल चांगलं चार-पाच बोटं खाली जातं तेव्हा कॅलिपरचा पिस्टन मिलिमीटरचा अंशभरच सरकतो. पॅड आणि डिस्कमध्ये फटच मुळी तेवढी असते. पेडल पूर्ण दाबलं तरी एकूण जेमतेम चमचा-दोन चमचे ऑइल पुढे ढकललं जातं.

आणि तुमचं उत्तर याच चमच्यात आहे. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं, रबरी होजमधूनसुद्धा. ब्रेक ऑइलची प्रत डॉटच्या आकड्याने सांगतात. नवीन डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत टिकतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की डॉट ३ ची हमी १४० अंशांवर येते आणि डॉट ४ ची १५५ वर. सात वर्षांत तुमचं ऑइल कधी बदललं होतं का? पाण्याचा एक थेंब उघड्यावर उकळला तर त्याची वाफ सोळाशे पट जागा घेते. दाबाखाली ती कमी असते, पण चमचाभर जागा भरायला थेंबाचा अंशही पुरतो. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग तुमचा पाय वाफ दाबत बसतो आणि कॅलिपरपर्यंत काही पोचतच नाही.

राहिला "थांबल्यावर का?" हा प्रश्न. गाडी चालत होती तेव्हा चाकांमधून वारा खेळत होता. डिस्क भयंकर तापलेली, पण कॅलिपरवर वारा लागत असल्याने आतलं ऑइल उकळीच्या थोडं खाली राहिलं. तुम्ही थांबलात, वारा बंद झाला. मग डिस्कमधली उष्णता पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून ऑइलमध्ये मुरत गेली. गॅस बंद केल्यावरही कुकरच्या आत भात शिजत राहतो, तसंच. तुम्ही चहा पीत होतात तेव्हा कॅलिपरमध्ये ऑइल उकळत होतं. पाऊण तासाने वाफेचं पुन्हा पाणी झालं, पेडल टणक झालं, आणि गॅरेजवाल्यांना काहीच सापडलं नाही.

कोयनाकाठ

लेथमशीन सर, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. ऑइल कधीही बदललेलं नाही. सर्व्हिसच्या जुन्या पावत्या काढून पाहिल्या, सगळीकडे "टॉप-अप" आहे, बदलल्याची नोंद एकही नाही.

निळीछत्री

एक शंका. सगळ्या गाड्यांना ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटं असतात असं वाचलंय, एक गेलं तरी दुसरं चालावं म्हणून. मग इथे दोन्ही कशी गेली?

लेथमशीन

चांगला प्रश्न आहे. मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन पिस्टन असतात आणि प्रत्येकाची नळी वेगळी. बहुतेक छोट्या गाड्यांत ही विभागणी तिरकी असते. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एका सर्किटवर, उरलेली दोन दुसऱ्यावर. एखादी नळी फुटली तर पुढचं एक आणि मागचं एक चाक तरी हाती राहतं. पण या मांडणीत दोन्ही सर्किटांवर पुढचा एकेक कॅलिपर येतो. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे साधारण ७० टक्के काम पुढची चाकं करतात आणि तापतातही तीच. दोन्ही कॅलिपर एकाच वेळी उकळले म्हणजे दोन्ही सर्किटं एकाच वेळी मऊ. नळी फुटण्यावर तो उपाय आहे, उष्णतेवर नाही.

हँडब्रेकने तुम्हाला तारलं, कारण तो ऑइलवर चालतच नाही. साधी पोलादी केबल मागच्या ड्रममधले शू ओढते. ती केबल ताणलेली आहे ना, ती गंजली नाही ना, हे वर्षातून एकदा तरी बघून घ्या.

मुळशीकर

तांत्रिक माहिती छान. पण मी २५ वर्षं ताम्हिणी उतरतोय, बराचसा न्यूट्रलमध्ये, आणि ब्रेक कधी गेले नाहीत. पेट्रोलही वाचतं. नवशिके ब्रेकवर पाय ठेवून बसतात ही खरी अडचण आहे, न्यूट्रलला उगाच बदनाम करू नये.

स्नेहल_ज

मुळशीकर, तुमच्या अनुभवाचा मान राखून लिहिते. माझे बाबा एस.टी.मध्ये चालक होते, कोल्हापूर विभागात. आंबोली, फोंडा, गगनबावडा हे त्यांचे रोजचे घाट. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून जायचे. घाटाच्या तोंडाशी, उतार सुरू व्हायच्या आधीच, ते गाडी सावकाश करून खालचा गियर टाकायचे. इंजिन एकदम घोंघावायला लागायचं आणि बस जणू कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी उतरायची. ब्रेकचा तो फुस्स् आवाज वळणावर एकदाच. बाबांचं एकच सांगणं होतं, "ज्या गियरात घाट चढशील त्याच गियरात उतर." एकदा उतारावर वेग वाढला की मग खालचा गियर पडत नाही, म्हणून तो वरच टाकायचा, हेही ते सांगायचे.

बस-ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडली की प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते आणि नवीन भरली जात नाही. बाबांची नजर घाटात सारखी हवेच्या काट्यावर असायची. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर आणि बोरघाटात खोपोलीकडे उतरताना जे अपघात होतात, त्यांच्या बातम्यांत "न्यूट्रल" हा शब्द किती वेळा येतो ते आठवून पाहा. बाबा अशी बातमी वाचून पेपर खाली ठेवायचे आणि बराच वेळ काही बोलायचे नाहीत.

लेथमशीन

स्नेहलताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते मी पाच परिच्छेदांत लिहिलं.

मुळशीकर, पेट्रोल वाचण्याबद्दल. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत, गियरमध्ये असताना तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलात आणि चाकंच इंजिनाला फिरवत असली, तर इंजिनातला संगणक इंधन बंद करतो. एक थेंबही जात नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या जोरावर चालू ठेवावं लागतं, म्हणजे पेट्रोल जळत राहतं. घाट न्यूट्रलमध्ये उतरून तुम्ही पेट्रोल घालवता, वर सगळी उष्णता ब्रेकच्या माथी मारता.

इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट. बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी पेट्रोल गाडीत इंजिनाच्या शोषणातून मिळते, डिझेलमध्ये इंजिनावर चालणाऱ्या पंपातून. इंजिन बंद झालं की डब्यात साठलेल्यावर दोन-तीन वेळा ब्रेक लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. ब्रेक तेव्हाही असतो, पण पायाला चौपट जोर लावावा लागतो आणि ऐन वेळी माणसाला ते सुचत नाही.

मुळशीकर

इंधन बंद होण्याचं खरंच माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला गियरमध्ये उतरून बघतो. माझा दुसरा मुद्दा मात्र कायम आहे, ब्रेकवर सतत पाय नको.

लेथमशीन

त्यावर शंभर टक्के सहमत. सतत हलका पाय म्हणजे पॅडना श्वास घ्यायला वेळच नाही. गियर खालचा ठेवायचा आणि तरीही वेग वाढला तर ठामपणे दाबून वेग उतरवायचा, मग पाय पूर्ण काढायचा.

मृण्मयी_बॉन

मी जर्मनीत राहते. इथे गाडी नवीन असेल तर तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते. त्यात चाकं फिरत्या रोलरवर चढवतात आणि डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक किती जोराने लागतो ते आकड्यात दिसतं. माझ्या गाडीच्या मागच्या एका चाकाचा जोर कमी भरला म्हणून मला परत पाठवलं होतं. चालवताना मला काडीचाही फरक जाणवला नव्हता. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं हे इथे गाडीच्या पुस्तकातच असतं. भारतातल्या आमच्या गाडीच्या पुस्तकातही तेच होतं, आम्हीच कधी उघडून पाहिलं नव्हतं.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांसाठी लिहिते. डी मध्ये ठेवून घाट उतरू नका. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा घ्या, किंवा एल असेल तर एल.

निळीछत्री

इलेक्ट्रिक गाडीत हा प्रश्नच येत नसेल ना? तिथे मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी भरते.

लेथमशीन

बहुतांशी खरं आहे, आणि घाटासाठी ती फार सुंदर सोय आहे. ती अडीच बादल्या उकळवणारी ऊर्जा वाया न जाता बरीचशी बॅटरीत परत येते. फक्त महाबळेश्वरला हॉटेलवर रात्रभर लावून बॅटरी १०० टक्के भरून निघालात, तर भरलेल्या बॅटरीत आणखी घालायला जागा नसते. मोटरचं रोखणं कमी होतं आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. वरून निघताना ८०-८५ टक्के ठेवा.

गॅरेजवाला_नाना

माझं इचलकरंजीत छोटं गॅरेज आहे. वरच्या सरांनी शास्त्र सांगितलं, मी हाताचं सांगतो.

पहिली गोष्ट, त्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो पण ते तेल नाही. एका गिऱ्हाइकाने घरी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिन ऑइल ओतलं होतं, "ऑइलच ना" म्हणून. आठ दिवसांत मास्टर सिलिंडरची, कॅलिपरची सगळी रबरं फुगली. पूर्ण सिस्टिम बदलावी लागली. डबीच्या झाकणावर डॉट ३ का डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घालायचं, आणि सीलबंद बाटलीतलं. उघडी बाटली सहा महिने फळीवर पडलेली असेल तर ती टाकून द्या. डॉट ५ नाव सारखं असलं तरी ते सिलिकॉनचं वेगळंच काम आहे, त्यात मिसळायचं नाही.

दुसरं, डबीतलं ऑइल कमी झालं म्हणजे ते उडून गेलं नाही. एक तर कुठंतरी गळतंय, नाही तर पॅड झिजलेत. पॅड झिजला की पिस्टन तेवढा बाहेर येऊन राहतो आणि त्याच्या मागची जागा भरायला डबीतलं ऑइल खाली जातं. म्हणून लेव्हल कमी दिसली की चाक खोलून पॅड बघायचे. नुसतं वरून ओतणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर पुसून ठेवण्यासारखं. नवा पॅड १०-१२ मिलिमीटरचा असतो, ३ राहिला की बदलायचा.

ऑइल बदलताना शेजारी उभे राहा, कुठलाही चांगला मेकॅनिक हाकलणार नाही. डबीतलं जुनं पिचकारीने काढून नवीन भरतो. मग कंपनीने दिलेल्या क्रमाने एकेक चाक. कॅलिपरच्या निपलला (ऑइल बाहेर सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवून. एक माणूस आत पेडलवर. मी ओरडतो "दाब", तो दाबून धरतो, मी निपल पाव फेरा सोडतो, नळीतून काळं ऑइल सर्रकन येतं, पेडल खाली जातं. निपल बंद केल्यावरच "सोड". आधी सोडलं तर हवा उलटी आत जाते. नळीत बुडबुडे दिसतात, ते बंद होईपर्यंत आणि मधासारखं स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच. मधून मधून डबी बघत राहायची, ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. अंगावर किंवा रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते.

आणि त्याच वेळी कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या स्लाइड पिना काढून बघायला सांगा. कोकणात सारखं जाणं असेल तर खास करून. खारी हवा आणि पाऊस यांनी पिना गंजून अडकतात, मग कॅलिपर मोकळा सरकत नाही आणि पॅड डिस्कला चिकटून राहतो.

सईबाई_चिपळूण

मी नव्याने गाडी शिकले आहे आणि कुंभार्ली घाट मला चुकवता येत नाही. ब्रेक बिघडल्याचं पायाला आधीच कळतं का? आणि कळलं तर नेमकं काय करायचं?

लेथमशीन

सईताई, पायाला पुष्कळ कळतं, फक्त लक्ष द्यायला हवं. पेडल मऊ आणि खोल जात असेल तर ऑइलमध्ये हवा किंवा वाफ. पेडल टणक आहे, वास येतोय आणि गाडी मात्र रोखली जात नाही, तर पॅड अति तापून त्यांची पकड गेली आहे. कोयनाकाठ यांच्या आईंना आलेला करपट वास त्याचीच सुरुवात होती, तिथेच थांबायला हवं होतं. सिग्नलला पाय दाबून धरल्यावर पेडल सावकाश खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडरचं रबर आतून सोडतंय. वेगात ब्रेक मारताना पेडल थडथडलं तर बहुधा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. पावसात जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली घरघरलं तर घाबरून पाय काढू नका, ते एबीएस काम करतंय. चाक अडकायला लागलं की ते सेकंदाला अनेक वेळा दाब सोडतं आणि धरतं, म्हणजे तुम्हाला स्टिअरिंग वळवता येतं. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे.

बूस्टरची परीक्षा घरीच होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते टणक होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक.

घाटात पेडल मऊ पडलंच तर भराभर पंप करा. प्रत्येक दाबाला मास्टर सिलिंडर डबीतून थोडं आणखी ऑइल ओढतो आणि काही तरी दाब तयार होतो. त्याच वेळी एकेक गियर खाली आणा. हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा, झटक्यात ओढला तर मागची चाकं घसरतात. इंजिन बंद करायचं नाही. आणि गाडी दरीकडे नाही, डोंगराकडे घालायची. कठड्यापेक्षा गटारात चाक गेलेलं बरं.

स्नेहल_ज

सई, कुंभार्लीत धुकं आणि पाऊस एकत्र असतो तेव्हा पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेव. ८० च्या वेगाला पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २२ मीटर जाते. आणि पाण्यातून गाडी काढल्यावर थोडं पुढे जाऊन दोन-तीनदा हलका ब्रेक मारायचा, मागच्या ड्रममध्ये शिरलेलं पाणी सुकतं. बाबा ओढा ओलांडला की हे करायचेच.

कोयनाकाठ

काम करून घेतलं. वेगळ्या गॅरेजमध्ये, शेजारी उभा राहून. नाना, तुम्ही लिहिलं तस्संच झालं. पहिल्या बाटलीत आलेलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट होतं. मी मुद्दाम एका काचेच्या बरणीत जुनं आणि दुसऱ्या बरणीत नवीन घेऊन बाबांना दाखवायला घरी आणलं.

आणि स्लाइड पिना! पुढच्या डाव्या कॅलिपरची खालची पिन गंजून घट्ट बसली होती. मेकॅनिकला ती हातोडीने ठोकून काढावी लागली. त्या चाकाचा आतला पॅड २ मिलिमीटर उरलेला, बाहेरचा ७. म्हणजे आतला पॅड कित्येक महिने डिस्कवर घासतच होता, आणि घाटात ते चाक इतरांपेक्षा जास्त तापत गेलं असणार. पहिल्या गॅरेजने चाक खोललं असतं तर पाच मिनिटांत दिसलं असतं. पिना, रबरं, दोन्ही बाजूंचे पॅड नवे टाकले.

काल आम्ही चौघं पुन्हा आंबेनळी उतरलो. वरूनच दुसरा गियर. अख्ख्या घाटात ब्रेकला पाय वळणांपुरताच लागला. त्याच टपरीवर चहा घेतला. उतरल्यावर आधी चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, स्पर्श न करता. पुढची गरम, पण दोन्ही सारखीच गरम. वास नाही. निघताना गाडी हलायच्या आधी पेडल दाबून पाहिलं, टणक. आई मात्र सारखी विचारत होती, इंजिन एवढं का ओरडतंय, त्याला काही होणार नाही ना? मलाही खात्रीने सांगता आलं नाही. काटा ३५०० च्या आसपास होता.

लेथमशीन

आईंना निर्धास्त राहायला सांगा. तुमच्या इंजिनाच्या काट्यावर लाल पट्टा ६००० च्या पुढे सुरू होतो, ३५०० वर ते दिवसभर फिरू शकतं. शिवाय त्या वेळी आत पेट्रोल जळतच नसतं, नुसती हवा ओढली आणि सोडली जाते. पिस्टनना ती हवा दाबण्याचे आणि ओढण्याचे कष्ट पडतात, तेच गाडीला रोखतात, आणि तयार झालेली उष्णता रेडिएटर बाहेर टाकतो. ब्रेकना रेडिएटर नाही. बरणीतलं जुनं ऑइल मात्र सिंकमध्ये किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, विषारी आहे. झाकण घट्ट लावून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात नेऊन द्या.